परत पहिल्यापासून

परवा दुपारी वाळवीच्या धास्तीने माळ्यावरची खोकी खाली उतरवली. कॉमिक्सच्या खोक्यात वाळवी निघाली नाही, पण बायकोने स्पायडरमॅनचे चार अंक पत्त्यांसारखे हातात धरले आणि विचारलं, "चारही पहिलेच? मग दुसरा कुठाय?"

एक २०१४चा, एक २०१५चा, मग २०१८ आणि २०२२. चौघांच्याही कपाळावर १. मूळ मालिका १९६३ सालची आहे, हे मी तिला सांगितलं नाही. आधीच खोक्याच्या भवितव्याची चर्चा चालू होती.

या एकच्या आकड्याने मला लहानपणीच गंडवलंय. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'सुपरमॅन'चा पहिला अंक सापडला होता. पहिला अंक तिकडे सोन्याच्या भावाने जातो, एवढं कुठून तरी कानावर आलेलं. घासाघीस न करता, हात थरथरू न देता पैसे दिले. घरी तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला, वर दोन डांबराच्या गोळ्या. आठवडाभर मी मनातल्या मनात फ्लॅट घेत होतो. मग काकाने चष्मा कपाळावर सरकवून आतली मुंगीएवढी अक्षरं वाचली: जानेवारी १९८७. सुपरमॅन जन्मला १९३८ साली. हा जॉन बर्नने सुपरमॅनची गोष्ट नव्याने सांगायला घेतली तेव्हाचा पहिला अंक. "म्हणजे खोटा?" मी विचारलं. काका म्हणाला, "खरा आहे रे. पण पहिला नाही."

तरी दर काही वर्षांनी आकडा परत १वर आणणाऱ्या या कॉमिक्स कंपन्यांवर मला फार चिडता येत नाही, कारण शाळेत माझी हीच खोड होती. जूनमध्ये नवी वही, पहिल्या पानावर लाल समास, मोत्यासारखं अक्षर. तिसऱ्या पानावर शाई सांडायची. की फाडलं पान, परत पहिल्यापासून! पण वही दोन पिनांची. पुढचं पान फाडलं की मागचं त्याचं जोडपान सुटं व्हायचं आणि दोन दिवसांनी दप्तरातून गळून पडायचं. दिवाळीपर्यंत दोनशे पानी वहीचा पापड झालेला. आई म्हणायची, "वह्या खातोस का रे?"

सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने २०११मध्ये हेच केलं. एका महिन्यात बावन्न मालिका, सगळ्या १ पासून. सुपरमॅनचं 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' ९०४ अंकांवर पोचलं होतं, तेही १वर आणून बसवलं. सुपरमॅनची लाल चड्डी गेली आणि बायकोही. १९९६ साली लोइसशी लागलेलं लग्न जणू लागलंच नव्हतं. चाहत्यांनी सुतक पाळलं ते मुख्यत्वे चड्डीचं. असो. बॅटमॅनची पानं त्यांनी फारशी फाडली नाहीत, आणि स्कॉट स्नायडरने लिहिलेल्या त्या घुबडांच्या गोष्टी मी अजूनही काढून वाचतो. पण वॉली वेस्ट! वीसेक वर्षं फ्लॅश म्हणून धावलेला माणूस जोडपानासारखा कुठे गळून पडला, कुणाला पत्ता नाही. २०१६मध्ये बॅरीला, म्हणजे तेव्हाच्या फ्लॅशला, तो आठवतो आणि मिठी मारून त्याला परत ओढून आणतो, ते पान मी लोकलमध्ये वाचलं आणि धूळ गेल्यासारखे डोळे चोळले. त्याच साली 'अ‍ॅक्शन'ला पुन्हा जुने आकडे मिळाले: ९०४ अधिक मधले ५२, म्हणून पुढचा अंक ९५७. फाडलेली पानं डिंकाने चिकटवून वर पृष्ठांक घातले! हजाराव्या अंकात, २०१८ला, चड्डीही आली. बायको त्याआधीच परत मिळाली होती, हे नशीब.

आपला वेताळ, म्हणजे फँटम, बरा. बाप गेला की पोरगा तोच मुखवटा चढवतो. एकविसावा झाला तरी जंगलाला वाटतं, पहिलाच आहे. कुणी काही फाडत नाही.

आणि २०२५च्या सप्टेंबरात बॅटमॅन परत १वर आला. घेतला मी. काय करणार?

एक पहिला अंक मात्र खोक्यात नाही. 'बॅटगर्ल', २०११चा. माझी आतेबहीण, आम्ही ताई म्हणतो, अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे. तिला मी बार्बरा गॉर्डनच्या, म्हणजे बॅटगर्लच्या, जुन्या गोष्टी नेऊन द्यायचो. १९८८मध्ये जोकरची गोळी लागून बार्बराचे पाय गेले, मग ती ओरॅकल झाली. खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर बसून ती सगळ्या मुखवटेवाल्यांना रस्ता दाखवायची. ताईला ती भारी आवडायची; कुणी उद्धटपणा केला तर बार्बरा त्याला कशी झापते, ते मला वाचून दाखवायची. नव्या अंकात बार्बरा उभी राहून छपरांवरून उड्या मारत होती. मी उड्या मारतच तो घेऊन गेलो. "बघ ताई, बरी झाली!"

तिने शेवटपर्यंत चाळला. "कशी काय?"

"दक्षिण आफ्रिकेत उपचार झाले म्हणे."

तिने अंक मिटला, कडा सारख्या केल्या.

"मग तिचा कॉम्प्युटर आता कोण बघतं?"

मी काहीतरी बोललो असेन. अंक तिच्याकडेच राहिला. मीही कधी मागितला नाही.