प्रयोगवहीतला शिरस्ता

आपल्या शाळेतल्या दहावीच्या विज्ञानाच्या सरांचा एक शिरस्ता होता. प्रयोगवहीत निरीक्षण आधी, अनुमान नंतर. पुस्तकातलं उत्तर पाहून आकडे जुळवलेले त्यांना लगेच कळायचे आणि ते पान पुन्हा लिहावं लागायचं. पुढे एमबीबीएस, एमएस झालं, मग परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर शस्त्रक्रियेचं शिक्षण. आज मी तोंड आणि मानेच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करतो आणि शिकवतो.

या कामात जबडा काढावा लागला, तर पायातलं फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणून प्लास्टिक सर्जन नवा जबडा घडवतात. मानेत खांद्याकडे जाणारी एक नस, म्हणजे मज्जातंतू, असते. ती जपली, तर पेशंट पुढे हात वर करून स्वतःचे केस विंचरू शकतो. ती नीट दिसल्याशिवाय कात्री पुढे न्यायची नाही, हे प्रत्येक निवासी डॉक्टरला मी बजावतो.

पण सरांचं ऋण आहे ते वेगळ्या ठिकाणी. तोंडातला कॅन्सर लहान आहे, मानेत हाताला गाठ लागत नाही. अशा वेळी मानेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, जिथे हा कॅन्सर पसरू शकतो) पहिल्याच शस्त्रक्रियेत काढायच्या, की गाठ आली तर नंतर? यावर जगभरच्या सर्जनांत कित्येक दशकं दोन तट होते आणि दोघेही अनुभवाचा दाखला देत. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून, कुणाला कोणता उपचार हे सर्जनच्या मर्जीवर न सोडता, पेशंटचे दोन गट केले आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पहिल्या ५०० पेशंटचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८० टक्के होतं, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे शंभरामागे बारा माणसं जास्त! दशकांचा वाद आपल्याच मुंबईतल्या निरीक्षणांनी मिटवला, याचा मला फार अभिमान आहे.

आता आपल्या शाळेकडे एक मागणं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीच्या पुड्या मुलांच्या हाती पडतातच. नुसत्या सुपारीनेही गालाच्या आतली त्वचा ताठर होते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, एवढं पाहायला उपकरण लागत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर मुलाला रागावू नका, डॉक्टरांकडे पाठवा. आठवी ते दहावीच्या आरोग्य तपासणीत हे दोन मिनिटांचं काम घालावं. पहिल्या वर्षी मी स्वतः येईन आणि शिक्षकांना तोंड कसं तपासायचं ते दाखवीन. तारीख मुख्याध्यापकांनी कळवावी.