वारीच्या वाटेवर लोकरीचे मोजे

लोणंदपासून पंढरपूरपर्यंत दिंडीतल्या बायकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं ते मोज्यांबद्दल. विसाव्याला बूट काढून बसलं की शेजारची कुणीतरी वाकून बघायची आणि म्हणायची, "लोकरीचं हायती व्हय? या दिवसांत? आन् किती पडलं?" नऊशेच्या आसपास एक जोड, असं सांगितलं की गप्प व्हायची. आमच्या कोरेगाव-खटाव पट्ट्यात खुरपणीला जाणाऱ्या बाईची ती तीन दिवसांची हजेरी. एवढे पैसे पायातल्या मोज्यांत घालावेत का, हे तिने विचारणं अगदी रास्त आहे. उत्तर द्यायचं तर नीट द्यायला हवं, म्हणून हे लिहिते.

माझं मत आधीच सांगते. बूट घालून लांबचा पल्ला चालणार असाल तर घ्या, दोन जोड घ्या, आणि त्यासाठी दुसरा कुठला तरी खर्च कमी करा. चपलेवर चालणार असाल तर घेऊ नका. अनवाणी चालणाऱ्या माउलींना मोज्यांबद्दल सांगायला जाण्याची माझी पात्रता नाही. त्यांचे तळवे वर्षभर शेतात तयार झालेले असतात आणि त्यांचा नेम वेगळा असतो. चपलेत अंगठ्याचा पट्टा असतो, पाय मोकळा असतो, पाऊस पडला तरी वारा लागून वाळतो. तिथे मोजा अडचणच करतो. प्रश्न आहे तो बुटातल्या पायाचा. आता बरेच वारकरी, बायकासुद्धा, कापडी किंवा रबरी तळाचे बूट घालतात. नऊवारीखाली बूट आणि डोक्यावर तुळस, हे वारीत सगळीकडे दिसतं.

माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घातलं की पालखी आपल्या सातारा जिल्ह्यात येते. पाडेगावला स्वागत होतं आणि लोणंदला मुक्काम. आमच्याकडची मंडळी लोणंदलाच मिळतात. लोणंद ते तरडगाव ही मजल तशी लहान, पण वाटेत चांदोबाचा लिंब येतो. तिथे पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंड्या उभ्या राहतात आणि मधून माउलींचा अश्व धावतो. त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. रिंगणाला जागा मिळावी म्हणून सगळे लवकर जाऊन उभे, पायाखाली चिखल, बुटाच्या नाड्यांपर्यंत पाणी. अश्व डोळ्यांसमोरून गेला तेव्हा पायांचं भान कुणालाच नव्हतं. तरडगावच्या तळावर समाज आरती झाली, राहुटीत आलो, आणि मग सगळ्यांनी पाय सोडले.

तिथे मी जे बघितलं ते जवळून सांगते. आमच्या दिंडीतल्या एका वहिनींनी सुती मोजे काढले. मोजा टाचेवरून निघेना, ओढावा लागला. आतलं पाऊल पांढरं फटक पडलेलं, चवड्यावर सुरकुत्याच सुरकुत्या, आणि करंगळीशेजारची दोन बोटं सुटी करून बघितली तर बेचक्यात कातडी सोललेली. टाचेच्या मागे रुपयाएवढा फोड, त्याच्या कडेला मोज्याच्या विणीचे वळ उमटलेले. माझेही पाय ओलेच होते. कुणी म्हणेल लोकरीचा मोजा भिजत नाही, तर ते खरं नाही, दिवसभराच्या पावसात तोही भिजतो. पण माझं पाऊल सुरकुतलेलं असलं तरी कातडी जागेवर होती, टाच लालसुद्धा नव्हती. एकच दिवस, एकच पाऊस, बूट दोघींचे एकाच दुकानातले.

असं का होतं, ते मला आमच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. पाऊल बुटात पुढेमागे सरकतं, आतलं हाड सरकतं, वरची कातडी मात्र मोज्याला चिकटून राहते, आणि कातडीच्या दोन थरांत ताण पडून ते सुटतात. त्या पोकळीत पाणी भरतं, तो फोड. ओलसर कातडी जास्त चिकटते, म्हणून ओल असली की फोड लवकर येतो. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. ओला सुती मोजा ढिला पडतो, टाचेखाली त्याची घडी होते, आणि त्या घडीवर माणूस दिवसभर चालतं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ धाग्याच्या आत ओढून घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. घाम पाण्याच्या रूपात कातडीवर साचायच्या आधीच ती तो उचलते. शिवाय तिच्या धाग्यात उपजत कुरळेपणा असतो, त्यामुळे मोजा भिजला तरी आकार सोडत नाही. घडी पडत नाही, हाच त्यातला मोठा फायदा.

मोजा पूर्ण लोकरीचा मात्र नसतो, हे घेताना बघायचं. निव्वळ लोकरीचा मोजा टाचेत लवकर फाटतो, म्हणून त्यात नायलॉन घालतात आणि ताणासाठी इलास्टेन. लेबलवर निम्म्याच्या वर लोकर असेल तर ठीक. काही जोडांवर पुढे मोठ्या अक्षरात 'वूल' असतं आणि मागे बारीक अक्षरात दहा-पंधरा टक्के. ते घेऊ नका. दुसरं, मोजा उलटा करून बोटांवरची शिवण बोटाने चाचपा. जाड दोरीसारखी लागली तर तिथेच फोड येणार. चांगल्या मोज्याची शिवण हाताला जवळजवळ लागतच नाही, आणि टाचेला व चवड्याला आतून टर्किश टॉवेलची वीण असते.

"उन्हात लोकर कशी सोसते?" हा दुसरा प्रश्न. याचं उत्तर फलटणच्या अलीकडे रस्त्यावरच उभं होतं. काळजचा फाटा मागे टाकल्यावर मेंढरांचा कळप घेऊन एक धनगर बाबा पालखीच्या दर्शनाला थांबले होते. अंगावर घोंगडी, ऊन चांगलंच तापलेलं. माण-खटावची माणसं पिढ्यान् पिढ्या तीच घोंगडी पावसात पांघरतात, उन्हात डोक्यावर घेतात, रात्री खाली अंथरतात. लोकर उन्हाला चालत नाही, असं आपल्या भागातल्या माणसाने तरी म्हणू नये.

मी बाबांच्या पाया पडले आणि विचारलं, "बाबा, या मेंढरांच्या लोकरीचं काय करता?"

"कातरायची आन् काय," बाबा म्हणाले. "कातरणावळ निघंना झालीया तिची. कोन घोंगडी घ्येतंय आता? पोरी, मेंढरू मटनासाठी ऱ्हायलंय."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. माझ्या पायात परदेशी मेंढीची लोकर, तीही एवढी महाग, आणि इथे रस्त्याच्या कडेला मेंढरांचा पूर्ण कळप, ज्याच्या लोकरीला गिऱ्हाईक नाही. कारण धाग्याच्या जाडीत आहे. लोकरीचा धागा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यात, मोजतात. तिसाच्या पुढचा धागा कातडीला टोचतो, कारण त्याचं टोक वाकत नाही. महाग मोज्यांत असते ती मेरिनो मेंढीची लोकर, विसाच्या आसपासची, तिचं टोक कातडीला लागलं की दुमडतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तिसाच्या पुढे जाते आणि तिच्यात राठ केसही मिसळलेले असतात. घोंगडीला ती उत्तम, पावसाचं पाणी बाहेरूनच निथळून जातं. मोज्याला ती चालणार नाही. फलटणलाच निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, 1968 सालची. त्यांनी याच दख्खनी मेंढीपासून 'नारी सुवर्णा' तयार केली, जी जुळी कोकरं देते. धनगरांच्या घरात त्याने चार पैसे जास्त आले. पण तो सगळा प्रयत्न मटणाच्या अंगाने झाला आणि तेच बरोबर होतं, कारण बाजार तिकडेच आहे. लोकर मात्र मागेच राहिली. मोज्याला जमत नसेल तर नसो, पण आषाढाच्या झडीत राहुटीत अंथरायला घोंगडीसारखं दुसरं काही नाही. ओल खालून लवकर वर येत नाही. माझ्या नऊशे रुपयांच्या मोज्यांचं कौतुक करताना हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही: वारीला जाणाऱ्याने प्लास्टिकची चटई घ्यायच्या आधी एक चांगली घोंगडी घ्यावी, जमलं तर विणणाऱ्याकडूनच.

फलटणचा मुक्काम विमानतळावर. दुसऱ्या दिवशी विडणी, पिंप्रद करत बरडला जायचं. पालखी महामार्ग आता रुंद झालाय. रथाला, दिंड्यांना जागा मिळाली, गाड्यांची चेपाचेपी कमी झाली, हे चांगलंच झालं. पण पायाला तो रस्ता कठीण आहे. मातीची साइडपट्टी थोडी तरी दबते, काँक्रीट दबत नाही, आणि दुपारी तापलं की उष्णता तळाच्या आतपर्यंत येते. बरडच्या वाटेवर पाऊस नव्हता, नुसतं ऊन. तिथे मोज्याची जाडी कामाला आली, टाच ठणकली नाही. गरम मात्र झालं, ते नाकारत नाही. विसाव्याला बूट-मोजे दोन्ही काढायचे, पाय मोकळे ठेवायचे, अभंग होईपर्यंत मोजे पिशवीवर पसरून ठेवायचे आणि मग पुन्हा घालायचे. हे केलं नाही तर कितीही महाग मोजा असो, उपयोग नाही.

माझ्याबरोबर आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना बरीच वर्षं साखर आहे. त्यांच्यासाठी मोजा ही चैन नाहीच. साखर असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. मग खडा रुतला, फोड फुटला, तरी कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी त्यांना चप्पल बंद केली. त्यांच्या मोज्यांसाठी तीन गोष्टी पाहिल्या: आत जाड शिवण नको, वरची पट्टी पोटरीला रुतणारी नको, आणि रंग फिका हवा, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. लोकरीचे बहुतेक मोजे काळे, करडे, गडद निळे असतात. फिके शोधायला मला साताऱ्यात बरंच फिरावं लागलं, शेवटी ऑनलाइन मिळाले. रोज संध्याकाळी हरिपाठाच्या आधी मी त्यांचे तळवे बॅटरी लावून बघायचे. आधी त्यांना संकोच वाटायचा.

"सुनंनं पाय बघायचं म्हंजी..." म्हणायच्या.

"आत्या, वाटेवर अनोळखी पोरं तुमचे पाय चेपून देतात, तिथे बसता ना? मग मी बघितले तर काय झालं?"

मग स्वतःच पाय पुढे करायला लागल्या. वाखरीपर्यंत, म्हणजे पंढरपूरच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत, त्यांच्या पायाला एकही फोड नव्हता. मोज्यांनी हे केलं असं मी म्हणणार नाही. बूट अर्ध्या नंबराने मोठे घेतले होते, कारण चालून पाय सुजतो आणि जाड मोज्याला जागा लागते. बूट आणि मोजे घरी महिनाभर वापरून पायाच्या सवयीचे केले होते, आणि रोज पाय बघितले होते. मोजा हा त्यातला एक भाग. नेमका बुटाचा जुना नंबर ठेवून त्यात जाड मोजा कोंबला तर फोड दुप्पट येतील, हे दिंडीतल्या दोघा-तिघांकडे दिसलं.

धुण्याचं सांगते, कारण पैसे वाया जातात ते इथे. टँकरवर बाया मोजे दगडावर आपटून धुतात, पिळून काढतात. लोकरीला ते चालत नाही. थंड पाणी, थोडा साबण, हाताने दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही. गरम पाण्यात घातले की आटतात आणि कडक होतात. रात्री धुतलेले जाड मोजे पावसाळी हवेत सकाळपर्यंत वाळत नाहीत, नायलॉनचे वाळतात. म्हणून दोन जोड लागतात: एक पायात आणि एक पिशवीला बाहेरून टाचण्या लावून वाळत घातलेला. रोज धुवायची गरजही नाही, लोकरीला वास लवकर येत नाही. एक दिवसाआड धुतले तरी भागतं, आणि पाण्याच्या रांगेत तेवढीच एक फेरी वाचते.

एकूण हिशेब असा की दोन जोड म्हणजे अठराशे रुपये. सुती मोजे फलटणच्या बाजारात शंभराला दोन-तीन जोड मिळतात, आणि वारी संपेपर्यंत ते टाकायच्याच लायकीचे होतात. लोकरीचे नीट वापरले तर काही वाऱ्या सहज जातात. पण ज्या बाईला आधीच दिंडीची भिशी, म्हणजे दिंडीत चालण्याची वर्गणी, भरताना ओढाताण होते, तिला मी अठराशेचे मोजे सांगणार नाही. तिला सांगेन की एकच जोड लोकरीचा घे आणि तो ज्या दिवशी लांबची मजल असेल त्या दिवशी घाल. तेही जमत नसेल तर नायलॉन मिसळलेले खेळाचे मोजे घे, जाड नसले तरी चालतील, पण निव्वळ सुती घेऊ नकोस. रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून पावडर लाव म्हणजे चिखल्या होणार नाहीत. तेल लावायचं तर रात्रीच, सकाळी बूट घालताना पाय कोरडा हवा.

आणि घरी आल्यावर मोजे तसेच कपाटात कोंबू नका. स्वच्छ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात ठेवा. लोकरीला कसर लागते. पुढच्या ज्येष्ठात डबा उघडल्यावर टाचेला भोक दिसलं, तर नऊशे रुपये गेले.