वरच्या मजल्यावरची खोली आणि दोन तापमापक

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट स्लॅब, पश्चिमेला मोठी खिडकी, दक्षिणेला एक लहान. घर बघायला आलो तेव्हा "उजेड भरपूर आहे हं" म्हणून आम्ही सगळे खूश होतो. त्या उजेडाचा अर्थ पहिल्या उन्हाळ्यात कळला. दुपार एक वेळ कशीबशी निघायची, पण रात्री नऊ-दहाला खोलीत पाऊल टाकवत नसे. गॅलरीत बरं वाटायचं आणि आत आलं की भट्टी. पंखा पाचवर असायचा, पण वारा असा की कुणीतरी तोंडावर गरम श्वास सोडतंय.

आईचं आणि माझं खिडक्यांवरून रोज वाजायचं.

"अगं, भर दुपारी अशा सताड उघड्या टाकू नकोस. झळा आत येतात."

"आई, लावल्या तर गुदमरायला होईल. निदान वारा तरी खेळू दे."

शेवटी वाद मिटवायला मी दोन तापमापक आणले, आर्द्रताही दाखवणारे. एक खोलीत पलंगाच्या उंचीवर ठेवला आणि दुसरा बाहेर टांगला. पहिल्या दिवशी बाहेरच्याने ४७ दाखवलं आणि मी घाबरून घरभर सांगत सुटले. मग लक्षात आलं की तो उन्हात होता. उन्हातला तापमापक हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. त्याला उत्तरेच्या सावलीत हलवलं तेव्हा कुठे आकडे खरे बोलायला लागले.

आठवडाभर वहीत मांडलं. खिडक्या उघड्या ठेवल्या त्या दिवशी दुपारी दोनला बाहेर ३९, आत ३८. लावून ठेवल्या त्या दिवशी बाहेर तेच ३९, आत ३५. म्हणजे आईचं खरं होतं. मी ज्याला खेळता वारा म्हणत होते तो बाहेरची आग आत वाहून आणत होता. पण रात्री दहाला गणित उलटं व्हायचं. बाहेर ३१ आणि आत साडेपस्तीस, तरी खिडक्या बंदच, कारण संध्याकाळी डास येतात म्हणून आई त्या उघडू देत नसे. इथे माझं खरं निघालं. दोन्ही खिडक्यांना जाळी बसवली आणि घराचा नियम ठरला: बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की उघडायच्या, वर चढला की लावायच्या. घड्याळ बघायचं नाही, तापमापक बघायचा.

एवढ्याने दुपार सुधारली. रात्र मात्र अजून वाईटच होती, आणि ते का हे मला एका स्टुलामुळे कळलं. माळ्यावरचं काहीतरी काढायला दुपारी तीनला स्टुलावर चढले होते, तोल सावरायला छताला तळवा टेकवला, तर छत जेमतेम कोमट. त्याच रात्री नऊला मुद्दाम पुन्हा चढले. छत नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखं लागलं. काँक्रीट ऊन लागल्याबरोबर आत गरम होत नाही. वरून शिरलेली उष्णता स्लॅबमधून खाली पोचायला काही तास घेते, आणि स्लॅब जितका जाड तितका हा उशीर जास्त. रात्री नऊला माझ्या डोक्यावर बरसत होतं ते दुपारचं ऊन होतं. मी रात्री दहाला पंख्याशी झुंजत होते आणि लढाई दुपारीच गच्चीवर हरलेली होती.

म्हणून गच्ची पांढरी करायची ठरवली. बाकीच्या रहिवाशांना विचारलं. कुणाची हरकत नव्हती, मदतीलाही कुणी आलं नाही. चुना आणला, भिजवला. कळीचा चुना पाण्यात टाकला की रटरटा उकळतो, हे ऐकून होते तरी प्रत्यक्ष बघून दोन पावलं मागे सरकले. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या जवळ जाऊ नये. डोळ्यात उडालेला चुना गंभीर इजा करतो. निवलेला चुना पातळ करून, गाळून, लांब दांड्याच्या ब्रशने मी एका रविवारी उत्साहात सगळी गच्ची रंगवून टाकली. भर दुपारी. तापलेल्या स्लॅबवर तो लावताक्षणी वाळत होता आणि मी म्हणतेय, वा, काम किती झटपट होतंय! दोन दिवसांनी गच्चीवर गेले तर पायाला पीठ. बोट फिरवलं की निघून येत होता.

चूक साधी होती. चुना नुसता वाळून धरत नाही, तो ओलसर असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेऊन पुन्हा दगडासारखा होतो. त्याला वेळ आणि ओल दोन्ही लागतं. पुढच्या खेपेला आदल्या संध्याकाळी गच्ची झाडून धुतली, पहाटे पुन्हा ओली केली आणि उन्हं वर यायच्या आत पहिला पातळ हात दिला. दुसरा हात दुसऱ्या पहाटे. तो टिकला. पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात, आणि याचा अर्थच असा की ते ऊन आभाळाकडे परत चाललंय. त्या आठवड्यात रात्री दहाला खोलीत साडेपस्तीसऐवजी ३३ दिसायला लागलं. अडीच अंश कागदावर किरकोळ वाटतात, पण आम्ही उशी घेऊन हॉलमध्ये जायचं बंद केलं.

राहिली पश्चिमेची खिडकी. तिला मी आधीच जाड, गडद पडदे लावले होते आणि काम झालं असं समजून चालले होते. एकदा पाच वाजता पडदा आणि काच यांच्या मधल्या फटीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. तिथे वेगळंच हवामान होतं. ऊन काचेतून आरामात आत येतं, पडद्यावर पडून त्याची उष्णता होते, आणि काच त्या उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे माझा पडदा उजेड अडवत होता, उष्णता मात्र घरात आल्यावरच अडवत होता, आणि चोर आत आल्यावर दार लावून उपयोग काय? डोक्यावर सूर्य असताना त्याच्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट पडतात. कलत्या उन्हात ते कमी होतात, तरी माझी खिडकी रोज दोन-तीन तास खोलीत हीटर लावून बसल्यासारखी होती.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण तिकडचं ऊन उंचावरून येतं. मावळतीचं ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून सरळ आत. त्याला समोरूनच अडवावं लागतं. मी बांबूची गुंडाळता येणारी चटई खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर अंतर सोडून टांगली. अंतर महत्त्वाचं, कारण चटई तापली तरी तिच्या मागची गरम हवा वर निघून जाते. सगळा उन्हाळा घालवला पण सगळ्यात जास्त फरक सगळ्यात कमी मेहनतीच्या या कामाने पडला, हे जरा जिव्हारी लागलं. खालचं टोक मात्र नीट बांधा. आमचं पहिल्याच वावटळीत सुटलं आणि अर्धी रात्र खिडकीवर आपटत होतं.

मधल्या काळात केलेले वेडेपणाही सांगते. पंख्यासमोर बर्फाचं पातेलं ठेवून पाहिलं. चेहऱ्याला पाच मिनिटं छान वाटलं, तापमापक हलला नाही. मग हिशोब केला. एसीचा 'एक टन' म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी क्षमता, साधारण साडेतीन किलोवॅट. माझा दोन किलो बर्फ म्हणजे तशा एसीची जेमतेम तीन मिनिटं. आणि तो बर्फ करताना फ्रिजने मागच्या जाळीतून त्याहून जास्त उष्णता घरातच ओतलेली.

ओल्या चादरीची गोष्ट याहून मजेदार. कोरड्या हवेच्या दिवसांत ओली चादर खिडकीत टांगली, दुसरी खिडकी उघडी ठेवली, तर येणारी झुळूक खरोखर गार लागायची. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, लिटरमागे सुमारे २४०० किलोजूल. मग उन्हाळ्याच्या शेवटी ढग यायला लागले, हवा दमट झाली, आणि मी सवयीने चादर टांगली. वर खिडक्याही लावून घेतल्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. तासाभराने तापमान ३४ वरून ३३, आर्द्रता ५५ वरून ७२. अंग चिकट, घाम वाळेना, भिंतीवरचं कॅलेंडर सादळलेलं. आई म्हणाली, "खोली गार केलीस की आम्हाला वाफवायला ठेवलंस?" कूलरचंही हेच असतं, दमट हवेत तो फारसं काही करू शकत नाही, आणि कोरड्या हवेतही आलेली हवा बाहेर जायला वाट लागते.

पंख्याबद्दल माझा समज पूर्ण बदलला. पंखा खोली थंड करत नाही, माणसाला करतो, घाम वाळवून. रिकाम्या खोलीत फिरणारा जुना पंखा म्हणजे ७०-७५ वॅटचा छोटासा हीटर. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंख्याचा वारा शरीर उलट तापवतो. तीच संघटना खोली दिवसा ३२ च्या आणि रात्री २४ च्या खाली ठेवा असंही म्हणते. रात्रीचे २४ वाचून मी हसले होते, पण घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर हसण्यावारी नेऊ नये.

पंख्याचा खरा उपयोग मला रात्री सापडला. टेबल फॅन आपल्याकडे नाही, खिडकीकडे तोंड करून ठेवायचा, काचेपासून हातभर मागे. तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेरची गार हवा आपोआप ओढली जाते. मी दक्षिणेच्या खिडकीत टिश्यूची एक पट्टी टांगली होती. फॅन लावला की ती आतल्या बाजूला आडवी व्हायची. दरवाजा उघडला तर लगेच लोंबायची, कारण हवा सोपी वाट धरून घरातूनच यायला लागायची. म्हणून दरवाजा बंद.

पुढच्या वर्षी आम्ही एसीही घेतला, खोटं कशाला बोलू. दमट दिवसांना माझ्या सगळ्या कारभारात उत्तर नव्हतं. पण तो २६-२७ वर ठेवून वर पंखा मंद लावला की पुरतो, आणि चटई खाली सोडायला विसरलेल्या दिवशी तो किती धापा टाकतो हे आवाजावरून कळतं.

पश्चिमेच्या भिंतीचं अजून काही जमलेलं नाही. रात्री आठला तिला पाठ टेकवत नाही. सध्या पलंग तिच्यापासून हातभर लांब ओढलाय आणि कपाट तिच्याकडे सरकवलंय. बाहेरून वेल चढवायचा विचार आहे, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला वेलालाही दोन-तीन उन्हाळे लागतील.