वर्गात कुंभारकाका येणार असतील तर

पाहुणे म्हटलं की शाळेत सगळं ठरलेलं असतं. फळ्यावर रंगीत खडूने सुस्वागतम्, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि मग भाषण. तिसरी-चौथीची पोरं त्यातली जेमतेम दहा मिनिटं ऐकतात आणि नंतर चुळबुळ सुरू. कुंभारकाकांना बोलावलंत तर भाषणाला फाटा द्या, पोरांच्या हातात माती द्या.

आधी वेळ बघा. पावसाळ्यात माती वाळत नाही. पोळा, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, मग उन्हाळ्याचे माठ: कुंभाराचं वर्ष असं भरलेलं असतं. त्यातल्या त्यात दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे किंवा संक्रांत झाल्यावरचा शनिवार बरा. शिवाय अर्धा दिवस शाळेत गेला की काकांची तेवढी मजुरी बुडते. तिचं मानधन शाळा व्यवस्थापन समितीत आधीच ठरवून घ्या. नुसत्या नारळावर बोळवण करणं मला तरी पटत नाही.

चाक आणायचा आग्रह नको. जुनं चाक जड असतं, विजेच्या चाकाला लाइट लागते. आणि तीस मुलांना प्रत्येकी दोन मिनिटं दिली तरी तास जातो, बाकीची नुसती बघत बसतात. काकांना घरीच मळलेली माती आणायला सांगा. मुलामागे पाव किलो, म्हणजे तीस जणांना साडेसात किलो. वर दीड-दोन किलो हाताशी असू द्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली की सुकत नाही.

सहा-सहा जणांचे गट करा, खाली जुनी वर्तमानपत्रं, गटाला एक वाटी पाणी. प्रत्येकाने मातीची एक वाटी करायची: लिंबापेक्षा मोठा गोळा करायचा, मध्ये अंगठा घालायचा, बुडाशी बोटाच्या जाडीएवढी माती राखायची आणि गोळा फिरवत फिरवत कड चिमटीने वर घ्यायची. इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. मुलं पाणी फार लावतात, मग वाटी बसते. किंवा कड पातळ आणि बूड जाड राहतं. पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड भाग ओलाच असतो, आणि दोन्हींच्या मध्ये तडा जातो. म्हणून पहिला दिवसभर वाट्या ओलसर फडक्याखाली ठेवा, मग चार-पाच दिवस सावलीत. उन्हात ठेवल्या की संपलं. या वाट्या भाजलेल्या नसतात, त्यात पाणी ओतायचं नाही हे घरी नेताना बजावून सांगा. गेरूने रंगवता मात्र येतात.

प्रश्न आदल्या दिवशी वहीत लिहून घ्या. ‘तुम्हाला हे काम आवडतं का?’ याला ‘हो’ म्हणून काका गप्प होतात. ‘माती कुठून आणता?’, ‘चाळून काय काढून टाकता?’, ‘भट्टी लावल्यावर पाऊस आला तर काय करता?’ असं विचारलं की माणूस खुलतो. प्रत्येक गटाचे दोनच प्रश्न ठेवा. काकांचं मूल त्याच वर्गात असेल तर त्याला मदतनीस करा, पण आधी त्याला विचारून. काहींना लाज वाटते.

चौथीला मोजमाप जोडून घ्या. मातीची चपटी पट्टी करून तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि रोज मोजपट्टीने मोजायची. वाळेपर्यंत रेघ साधारण अर्ध्या सेंटिमीटरने आखडते. किती, ते मातीवर ठरतं, म्हणून दोन गटांना दोन वेगळ्या शेतांतली माती दिली तर मजा येते. फुटलेल्या वाट्या बादलीत भिजत घाला, सोबत भाजलेल्या खापराचा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी वाट्यांचा चिखल झालेला असतो आणि खापर जसंच्या तसं. भाजल्याने मातीचं काय होतं, हा तास तिथून सुरू करा.

हात बेसिनमध्ये धुवू देऊ नका, नळी तुंबते. दोन बादल्या बाहेर ठेवा, गढूळ पाणी झाडाच्या आळ्यात जाऊ द्या.