तापमानाचा नकाशा आणि तारलीचा हंगाम
आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एका अनुभवी तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) मोबाइलवर आलेली संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना दाखवली, आणि दिशा, अंतर व खोली अशा मोजक्या आकड्यांमागे केवढे काम उभे असते, याचा मी दिवसभर विचार करत राहिलो. समुद्राविषयी माहिती पुरवणारी हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्याचे प्रमाण एकत्र पाहते. थंड व उबदार पाणी जिथे भिडते तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतात आणि त्यांच्यामागे मासळी येते. (आकाश ढगाळ असले की हे चित्र अपुरे राहते.)

मात्र आज मासळी कुठे मिळेल आणि पुढच्या हंगामात ती किती असेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा मला अधिक निकडीचा वाटतो. केरळमध्ये 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली (सार्डिन मासा) मिळाली होती; 2021 साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. तापलेले पाणी, एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा तापण्याची घटना), पावसाळ्यात खालून वर येणाऱ्या पोषक पाण्यातील बदल आणि पिल्लांची मासेमारी या सर्वांचा त्यात वाटा मानला जातो. जाळी आणि डिझेल यांसाठी कर्ज काढण्याआधी कोकणातल्या मच्छीमार कुटुंबांच्या हाती असा हंगामी अंदाज पडावा, असे मला मनापासून वाटते.