वजनकाट्यावरचा शनिवार

वापरलेला कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, विकत घेण्याआधी तो तपासून देणं हे माझं काम. न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया हा माझा पट्टा. गाडीमागे ओढायचे कॅम्पर या भागात एप्रिल-मे महिन्यांत धडाधड विकले जातात, आणि घाईही तेव्हाच होते. मे महिन्यातल्या त्या शनिवारी एडिसनचं एक मराठी कुटुंब होतं. नवरा-बायको, अकरा, आठ आणि चार वर्षांची तीन मुलं, शिवाय कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. पेनसिल्व्हेनियातल्या एका घराच्या ड्राइव्हवेवर २०१८ सालचा बंकहाऊस, म्हणजे मुलांसाठी कायमचे बंक (फळीचे बिछाने) असलेला कॅम्पर, उभा होता. मागच्या भिंतीला एकावर एक दोन बंक, पुढे क्वीन पलंग, मधे डिनेट (रात्री पलंग करता येणारं जेवणाचं टेबल-बाक) आणि सोफा. जाहिरातीत लिहिलं होतं ‘आठ जण झोपतात’. कोरडं वजन ४,६०० पौंड. यांची गाडी तीन रांगांची मध्यम एसयूव्ही, ओढण्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो.

“चारशे पौंड हातात राहतात की,” गृहस्थ म्हणाले.

नव्वद टक्के लोक इथेच फसतात, कारण ब्रोशरवरचं कोरडं वजन म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाचं रिकामं वजन. डीलरने नंतर बसवलेली बॅटरी त्यात नसते, पाणी नसतं, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली काहीच नसतं. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांच्या वर तिथेच गेले. बरं, गाडीची ५,००० ची क्षमता ठरवताना पुढच्या सीटवर प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. यांची माणसं पाच, आणि आजी-आजोबा आले तर सात. हायलँडर, पायलट, टेल्युराइड या मध्यम एसयूव्हींच्या सगळ्या पंगतीला हेच लागू. हायलँडरची हायब्रिड घेतली असेल तर मुळात आकडाच ३,५०० चा.

मी कॅम्परकडे न जाता आधी त्यांच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. यांच्या गाडीवर १,२८० लिहिलं होतं. एकाच मॉडेलच्या साध्या-महाग प्रकारानुसार, सनरूफनुसार हा आकडा बदलतो, म्हणून इंटरनेटवरचा आकडा घेऊ नये, आपल्या दारावरचाच घ्यावा. वहिनींनी फोनमध्ये हिशेब सुरू केला. पाच माणसं ४९५. चाइल्ड सीट आणि दोन बूस्टर ३०. कूलर, पिशव्या, खाऊ, पावसाळी कोट १२०. वजन विभागणारं हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा, भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारा) ८०. बेरीज ७२५. उरले ५५५.

“मग ५५५ पौंडांत काय बसवायचं?” त्यांनी विचारलं.

कॅम्परचं टंग वेट, म्हणजे कॅम्परचं पुढचं तोंड गाडीच्या हिचवर जेवढा भार टाकतं तो. हे वजन गाडीला ‘सामान’ म्हणूनच वाहावं लागतं. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के इतकं ते असावं लागतं. त्याहून कमी ठेवलं तर शेजारून मोठा ट्रक गेल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो, आणि हा डोल एकदा सुरू झाला की वेग वाढवून किंवा गाडीचे ब्रेक करकचून दाबून तो थांबत नाही, वाढतो. म्हणजे टंग वेट कमी करून हिशेब जुळवायची वाट बंद. त्यातून यांच्या हिचच्या रिसीव्हरवर, म्हणजे गाडीच्या मागे हिच खोचायच्या चौकोनी नळीवर, टंग वेटची वेगळी मर्यादा छापलेली होती: ५०० पौंड. रिसीव्हरखाली वाकून बघितल्याशिवाय ती दिसत नाही, आणि वाकून कोणी बघत नाही.

विकणारा माणूस सरळ होता. त्याचा पिकअप जोडलेलाच होता, कॅम्परमध्ये त्याचं नेहमीचं सामान होतं, पाण्याच्या टाक्या रिकाम्या होत्या. पंधरा मिनिटांवर ट्रक स्टॉप, तिथे कॅट स्केल, म्हणजे ट्रकांचा वजनकाटा. “चला, काट्यावरच बघू,” तो म्हणाला. या काट्याला तीन फलाट असतात. गाडीचा पुढचा आस पहिल्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. वजन विभागणाऱ्या हिचचे दांडे आधी सोडून घ्यायचे, नाहीतर ते भार पुढे-मागे ढकलतात आणि आकडा खोटा येतो. पहिली चिठ्ठी आली: पुढचा आस ३,०००, मागचा ३,४२०, ट्रेलर ४,७२०. मग ट्रेलर बाजूला उभा करून एकटा पिकअप चढवला: ३,२६० आणि २,४८०. जोडलेल्या अवस्थेतले पिकअपचे दोन आस ६,४२०, एकट्याचे ५,७४०. फरक ६८०. हेच टंग वेट. ट्रेलरचं एकूण वजन ४,७२० अधिक ६८०, म्हणजे ५,४००. ब्रोशरपेक्षा ८०० जास्त, आणि पाण्याचा थेंबही नाही.

दोन्ही चिठ्ठ्या आजोबांनी हातात घेऊन चष्मा वर करून वाचल्या. “पुढचा आस हलका झाला की हो. दोनशे साठ गेले कुठे?” त्यांनी नेमकं पकडलं. हिचवर भार पडला की गाडीची मागची चाकं टेकू होतात आणि पुढची चाकं उचलली जातात. मोठ्या पिकअपला २६० पौंडांनी फारसं बिघडत नाही, पण आखूड एसयूव्हीचं स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक त्याच चाकांवर चालतात. आजोबांचं आयुष्य कारखान्यात गेलेलं असावं. मी विचारलं नाही.

तर ६८० च्या समोर ५५५, आणि रिसीव्हरची मर्यादा ५००. एकूण ५,४०० च्या समोर ५,०००. तिन्ही ठिकाणी बाहेर. आजी-आजोबांचे ३०० पौंड तर अजून मोजलेच नव्हते.

सौदा इथेच संपला होता, पण माझी फी घेतलेली होती आणि मुलांना कॅम्पर बघायचाच होता. म्हणून परत आल्यावर तपासणी पूर्ण केली. टायर वरून झकास, खाचा खोल, रबर काळं. बाजूवर डीओटीच्या (अमेरिकी परिवहन खात्याच्या) कोडचे शेवटचे चार आकडे ३११७, म्हणजे २०१७ सालचा ३१ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या-उभ्या वयाने मरतात. पाच-सहा वर्षांनंतर बाहेरून धडधाकट दिसणारा टायर हायवेवर सालपटासारखा सुटतो आणि जाताना चाकावरचा पत्रा आणि खालची वायरिंग घेऊन जातो. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची दोरी ओढली, चाकं जॅम झाली, म्हणजे ते ठीक होतं. ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात ब्रेक सक्तीचे आहेत, आणि ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांचं सॉकेट लागतं. यांच्या गाडीत दोन्ही नव्हतं. हा खर्च कुणी धरत नाही.

आत मुलांचा धुमाकूळ सुरू होता. आठ वर्षांच्या मुलीने जाहीर केलं की जाताना आम्ही इथेच झोपणार. ते नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बहुतेक राज्यांत बंदी आहे, आणि बंदी नसती तरी बसवू नये. तिथे ना सीट बेल्ट, ना भिंतींना ताकद. वरच्या बंकवर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती वाचून घ्यावी, दोन मॉडेलांत दुपटीचा फरक असतो. बंकशेजारी लाल मुठींची खिडकी होती, आगीतून बाहेर पडायची. मी थोरल्याला ती उघडायला लावली. दोन्ही मुठी त्याच्याने फिरल्या, पण काच बाहेर ढकलली जाईना. रबर चिकटलं होतं. मुलं जिथे झोपणार तिथली ही खिडकी मुलांनाच उघडता आली पाहिजे, आणि विकत घेण्याआधी त्यांच्याकडूनच उघडवून बघावी.

चार वर्षांचा धाकटा मात्र दाराकडून मागे आणि मागून दाराकडे उड्या मारत होता. थप, थप, थप, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बंकपाशी, भद. पुन्हा आला. थप, थप, भद. त्याला तो आवाज आवडला होता, म्हणून तो तिथेच नाचायला लागला. मी त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि गुडघ्यांवर बसलो. फ्लोअरिंग नवंकोरं होतं. अंगठ्याने दाबलं तर पाव दाबल्यासारखं खाली गेलं. बंकखालच्या कप्प्यातून भिंतीच्या तळाशी ओल मोजणारं दोन सुयांचं मॉइश्चर मीटर टोचलं: २८ टक्के. तिथून हातभर वर १९, दुसऱ्या कोपऱ्यात ११. साधारण १५ पर्यंत मी बोलत नाही, २० च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधतो. बाहेर शिडी लावून वर गेलो. छताच्या कोपऱ्यातल्या मार्कर लाइटच्या मागचं सीलंट तडकून नखाएवढी फट पडली होती. पावसाचं पाणी त्या फटीतून भिंतीच्या आत उतरतं, सगळ्यात खाली फळीत जाऊन साचतं आणि तिचा भुसा करतं. छतावर डाग नाही, भिंतीवर डाग नाही. विकणाऱ्यालाही धक्का बसला. फ्लोअरिंग त्याने वास जावा म्हणून बदललं होतं. वास कशाचा, हे त्याने बघितलं नव्हतं. असा कोपरा उघडला की बंक काढा, भिंतीचं आतलं अस्तर काढा, फळी कापा, आणि कुठपर्यंत सडलंय ते तेव्हाच कळतं. कॅम्पर वापरात असेल तर वर्षातून दोनदा शिडी लावून छतावरचं सीलंट बघावं, एवढंच त्याला उत्तर.

परतीच्या आधी ड्राइव्हवेच्या कडेला उभं राहून वहिनी म्हणाल्या, “आता उलटं सांगा. आमच्या गाडीला किती झेपेल?”

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो. रिसीव्हर ५००. टंग वेट १२.५ टक्के धरलं तर भरलेला ट्रेलर ४,००० पौंडांपर्यंत. म्हणून आधी कोरडं वजन बघायचं नाही, जीव्हीडब्ल्यूआर बघायचा, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजनाला कारखान्याने मान्यता दिली तो आकडा, आणि तो ४,००० च्या आत हवा. त्यातून कोरडं वजन वजा केलं की सामानाला किती जागा ते कळतं. ट्रेलरच्या दाराजवळच्या पिवळ्या पट्टीवर हा आकडा असतोच. पाच जणांच्या कुटुंबाला ७०० पौंडांपेक्षा कमी असेल तर सोडून द्यावा. एवढ्या हलक्या ट्रेलरला वजन विभागणारं जड हिच बहुतेक वेळा लागत नाही, साध्या बॉल माउंटवर भागतं आणि ६० पौंड सुटतात. मात्र मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या पुढच्या पृष्ठभागाची मर्यादाही दिलेली असते, ती बघावी. समोरचा वारा वजनाइतकाच नडतो.

या मर्यादेत मुलांसाठी दोन वाटा उरतात. एक म्हणजे घडीचा, कापडी भिंतींचा पॉप-अप. हलका, गॅरेजमध्ये मावतो, किंमत कमी. पण पावसात भिजला की घरी येऊन एक-दोन दिवसांत पुन्हा उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर कापडाला बुरशी. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजसारख्या ठिकाणी अस्वलांमुळे कापडी भिंतींना मज्जावच. दुसरी वाट एका आसाचा छोटा बंकहाऊस: १७ ते १९ फूट, मागे दोन कायमचे बंक, पुढे पलंग, डिनेटचा तिसरा बिछाना. मी दुसरीकडे कललो, आणि कारण कायमचे बंक. डिनेट रोज रात्री पलंग करायचा म्हणजे सगळ्यात लहान मूल साडेसातला झोपायला तयार असताना मोठी माणसं अजून टेबलावर जेवत असतात. म्हणून धाकटे दोघे बंकवर, थोरला डिनेटवर. ‘आठ जण झोपतात’मधले चार जण असेच रोज मोडायच्या फर्निचरवर झोपतात.

आजी-आजोबांचा प्रश्न ट्रेलरने सुटणारच नव्हता. सात माणसं बसवून त्या गाडीने काहीच ओढू नये. ते दुसऱ्या कारने मागून येतील आणि रात्री कॅम्पग्राउंडच्या भाड्याच्या लाकडी केबिनमध्ये राहतील, असं ठरलं. आजींना ते जास्त पसंत पडलं. केबिनच्या दाराला नीट कडी असते म्हणाल्या.

जून संपताना त्यांना तसा एक मिळाला. जीव्हीडब्ल्यूआर ३,८००, कोरडं २,९००. छत, भिंती, फळ्या मी तपासल्या. सगळीकडे मीटर १४ च्या आत. गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो, त्याच्या पाठीवरची तारीख उलटून गेलेली होती, तो बदलायला लावला. ब्रेक कंट्रोलर बसवून झाला आणि पहिल्या सहलीच्या सकाळी भरलेली गाडी पुन्हा काट्यावर नेली. ट्रेलर एकूण ३,५६०, टंग वेट ५४०. मर्यादेच्या चाळीस वर.

पुढचा आरपार कप्पा उघडला. पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके, कणकेची वीस पौंडांची पिशवी, बिडाचा तवा, प्रेशर कुकर, हत्यारांची पेटी. सगळं मिळून ११५ पौंडांच्या आसपास, आणि सगळं आसाच्या नऊ फूट पुढे. वहिनींनी ते उचलून आत, बरोबर आसावर येणाऱ्या जमिनीवर रचलं आणि पट्ट्याने बांधलं. मागे बंकखाली ढकलायचं नाही, मग टंग वेट फार पडतं. दुसऱ्या चिठ्ठीवर टंग वेट ४६०. दोन टायरवर मिळून ३,१००, म्हणजे एकावर १,५५०. ५० पीएसआय हवेला त्या टायरची मर्यादा १,७६०. दोन्ही टायरची हवा ठीक होती म्हणायची.

चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळले आणि १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा आवळायला सांगितलं. पंचवीसच्या थांब्यावरून फोन आला. एक नट पाव फेरा फिरला होता.