आभाळ बघून ठरवू

नागपूर, मृगाचा पहिला दिवस. रात्री दहा.

आज मृग लागला. आभाळ भरून आलं आणि तसंच निघून गेलं. दुपारी अडीचला गच्चीवरच्या पेटीत कोरडा पारा 42 वर होता आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला 24 वर. दोन्हींत अठरा अंशांचं अंतर, म्हणजे हवेत पाणी नाहीच. ते अंतर कमी होत आलं की पावसाची आशा धरायची. मिनिकॉय बेटावर, माझ्या जुन्या नेमणुकीच्या ठिकाणी, हे अंतर बाराही महिने दोन-तीन अंशांचंच असायचं.

हवामान खात्याच्या नोकरीत माझी तिकडे बदली झाली तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला होता. "समुद्र कधी पाहिला नाही अन् एकदम समुद्राच्या मधात?" लक्षद्वीपमधलं हे सगळ्यांत दक्षिणेचं बेट, कोचीपासून जवळजवळ चारशे किलोमीटर. त्याच्या खाली आठ अंशांची सामुद्रधुनी आणि पलीकडे मालदीव. बेट लांबीला दहा किलोमीटरच्या आसपास, रुंदीला मात्र इतकं कमी की काही ठिकाणी वाटेवर उभं राहिलं तर दोन्हीकडचा समुद्र ऐकू येतो, पश्चिमेला लगूनचा, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या उथळ पाण्याचा, आणि पूर्वेला उघड्या महासागराचा. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम काही मीटर. दक्षिण टोकाला 1885 सालचं दीपगृह. लोक महल ही भाषा बोलतात, ती मालदीवच्या दिवेही भाषेचंच एक रूप.

वेधशाळांना क्रमांक असतात. नागपूर 42867, मिनिकॉय 43369. निवृत्तीनंतर बँकेचा खातेक्रमांक आठवत नाही, पण हे दोन आकडे झोपेतही सांगता येतात.

तिथे पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एक गोष्ट लक्षात आली, आणि ती नागपूरच्या माणसालाच चटकन लक्षात येईल. तिथला पारा हलतच नाही. दिवसा तीस-एकतीस, रात्री पंचवीस, जानेवारीतही आणि ऑगस्टमध्येही. आमच्या नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता आणि 29 डिसेंबर 2018 ला 3.5 वर उतरला होता. पण नागपूरचं आभाळ उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे एकाच रंगाचं राहतं. बेटावर उलटं. पारा स्थिर, आणि वारा, ढग, समुद्र घटकेघटकेला वेगळे. तीन-तीन तासांनी निरीक्षण नोंदवायचं असतं, पण दोन नोंदींच्या मधात एवढं काही होऊन जायचं की शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरायची नाही. सर आली, थांबली, ऊन, पुन्हा सर, वारा नैर्ऋत्येचा वायव्येला फिरला.

पाऊस येताना दिसतो तिथे. दूर समुद्रावर एक करडा पडदा उभा राहतो आणि पाण्यावरून सरकत येतो. त्याच्या पुढे गार वारा. लगूनचा हिरवा-निळा रंग एका कडेने काळवंडायला लागतो. आपल्याकडे ढगांना डोंगर अडवतो, तापलेली जमीन त्यांना वर उचलते, गडगडाट होतो, वावधान सुटतं, थोडी तरी तयारी करायला वेळ मिळतो. तिथे अडवणारं काही नाही. जमीन इतकी थोडी की ती ढगाला काहीच करू शकत नाही, ढगच बेटावरून चालत जातो. दहा-पंधरा मिनिटं धो धो, आणि मग इतकं लख्ख ऊन की पाऊस खरंच पडला का असा प्रश्न पडावा. कधी गावाच्या या टोकाला मुसळधार आणि दीपगृहाकडे कोरडं ठणठणीत.

पहाटेचा आणि संध्याकाळचा फुगा सोडताना फार जीव टांगणीला लागायचा. हायड्रोजन भरलेला भला मोठा फुगा, खाली लांब दोरी, दोरीला रेडिओसाँड, म्हणजे वरच्या हवेचे आकडे रेडिओवरून खाली पाठवणारं यंत्र. नागपूरला मोकळ्या आभाळात तो सरळ वर जातो. तिथे मोसमी वारा फुग्याला आडवा लोळवत माडांकडे ओढायचा. झावळ्यांत अडकला की त्या वेळचा वेध गेला. आम्ही दोघं जण दोरी धरून वाऱ्याचा एक झोत जाऊ द्यायचो, दुसरा यायच्या आत सोडायचो. तो सुटून ढगात शिरला की मला दर वेळी आनंद व्हायचा. तो कधी ओसरला नाही.

पण मला आज लिहायचंय ते तिथल्या माणसांबद्दल.

तिथे ट्यूना गळाने पकडतात, जाळ्याने नाही. मासा उकडून, धुरावर धरून उन्हात वाळवतात, त्याला मास म्हणतात. वाळवणाची सगळी मेहनत बायांची. हातातलं काम करता करता त्यांची नजर पश्चिमेकडे असायची. एकीने हाक दिली की सगळ्या धावत आणि काही क्षणांत सगळं वाळवण छपराखाली. ऊन आलं की परत बाहेर. दिवसातून कितीही वेळा. आपल्या गच्चीवर कुरडयांवर दोन थेंब पडले तरी घरभर आरडाओरडा होतो. तिथे कोणाच्या तोंडून कुरकुर ऐकली नाही, आणि हे मी त्यांना थोर ठरवायला लिहीत नाही. त्यांच्या कामातच पावसाची वेळ आधीपासून धरलेली होती, म्हणून.

बेटावर अकरा गावं, आणि प्रत्येक गावाचा एक प्रमुख, त्याला बोडुकाका म्हणतात. आमच्या शेजारच्या गावचे बोडुकाका पहाटे किनाऱ्यावर यायचे. आम्ही कोचीहून आलेला अंदाज सांगायचो, ते नीट ऐकून घ्यायचे, मग बराच वेळ नुसतं पाण्याकडे बघत राहायचे. कधी नावा तयार, आमिषाचे जिवंत मासे भरलेले, डिझेल घातलेलं, आणि ते मान हलवायचे. नावा थांबायच्या. तरणी पोरंही वाद घालत नसत. निघालेली नाव अर्ध्या वाटेवरून परत आली तरी कोणी तिला हसत नसे. परत येणं हा त्या कामाचाच भाग होता. हे मला तिथे सगळ्यांत मोलाचं वाटलं, आणि आजही वाटतं.

जून ते ऑगस्ट मासेमारी जवळजवळ बंद. नावा ओढून वर घेतलेल्या. समुद्र खवळला की जहाजावरून होडीत उतरणं म्हणजे लाटेने होडी वर आणली की त्याच क्षणी पाय टाकायचा, खालचे हात धरून घेतात. म्हाताऱ्या बायकासुद्धा तशा उतरायच्या. जहाज आलंच नाही तर भाजी नाही, कांदे-बटाटे नाहीत, टपाल नाही. म्हणून मे महिन्यातच घरोघरी तांदूळ, डाळ, मास भरून ठेवलेलं. पाण्याचंही तसंच. प्रवाळाच्या जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो आणि तो पावसानेच भरतो. जास्त उपसलं की खारं वर येतं. 2011 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे वरचं कोमट आणि खोल समुद्रातलं गार पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालणारा गोड्या पाण्याचा प्रकल्प उभारला, रोज एक लाख लिटरचा. फार मोठी गोष्ट झाली ती.

केरळात मोसमी पाऊस आला हे जाहीर करायला 10 मेनंतर चौदा केंद्रांचा पाऊस बघतात. त्यांतल्या साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर तरी पडावा लागतो, वाऱ्याच्या आणि ढगांच्या अटी वेगळ्या. त्या चौदांत मिनिकॉय आहे. आपण मोजलेल्या पाण्याची बातमी होऊन ती विदर्भातला शेतकरी वाचतो, या विचाराने पर्जन्यमापकाचं भांडं उचलताना हात जपून चालायचे.

ओखी वादळ आलं तेव्हा मी नागपुरात परतलो होतो. 29 नोव्हेंबर 2017 ला साधं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, होतं ते, दुसऱ्या दिवशी सकाळी चक्रीवादळ झालं. एका दिवसाच्या आत. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले, त्यांतले शेकडो परत आले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत वादळ लक्षद्वीपवरून गेलं. मी 43369 चे, मिनिकॉयचे, आकडे येतील तसे बघत बसलो होतो. दाब उतरत होता. मान हलवायलाही ज्यात वेळ मिळत नाही असं आभाळ ते.

आता वाटतं, आमचंही आभाळ तसंच होत चाललंय. 23 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरं झोपेतच पाण्यात गेली. माणसं गेली. पहाटे काठावर येऊन पाण्याकडे बघणारं आमच्या वस्त्यांत कोणी नाही. इशारा मोबाइलवर येतो, पण तो वाचून शेजारच्या म्हातारीला उठवायला कोणी जायचं, हे ठरलेलं नाही. लग्नाचा मुहूर्त, लॉन, मंडप, सगळं सहा महिने आधी पक्कं, आणि गारपिटीने मंडप उडाला तरी तारीख हलवायची म्हणजे लोकांना कमीपणा वाटतो. मला हे बोचतं. मिनिकॉयच्या लोकांकडे आपल्यापेक्षा पैसा कमी, दवाखाना लहान, तरी आभाळासाठी थांबायची मुभा त्यांनी एकमेकांना दिलेली होती.

संध्याकाळी काटोलहून पुतण्याचा फोन होता. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला पाणी तोडून ताण दिलेला, मेमधल्या अवकाळी सरींनी निम्म्या झाडांचा ताण तुटला, नको तेव्हा पालवी आली. "काका, तुम्ही खात्यात होते ना, मग सांगा, पाऊस केव्हा येते?" मी पाच दिवसांचा अंदाज सांगितला, आणि पुढच्या वर्षापासून सगळी बाग एकाच बहारावर ठेवू नको, अर्धी आंबियाला, हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराला, सोड असं म्हणालो. तो म्हणाला दोनदा फवारणी, दोनदा मजुरी, खर्च झेपायचा नाही. ते खरं आहे. रविवारी जाऊन त्याच्यासोबत वहीवर बसतो, कोणती झाडं आंबियाला सोडता येतील ते एकेक ओळ फिरून बघतो.